बरोबरी वेगळी, बनाव वेगळा

सोलापुरात अलीकडे झालेल्या एका खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या फेरीतला पहिल्या पटावरचा डाव १४ चालींत बरोबरीत सुटला आणि तेव्हापासून जिल्ह्यातल्या बुद्धिबळप्रेमींमध्ये वाद सुरू आहे. दोघेही खेळाडू आघाडीवर होते, आपसांत बरोबरी केली की पहिली दोन बक्षिसे त्यांनाच मिळणार हे उघड होते, आणि बाकीच्या पटांवर मुले डोके धरून बसलेली असताना या दोघांनी काही मिनिटांतच हस्तांदोलन करून सभागृह सोडले. संतापलेले पालक आणि काही प्रशिक्षक यांनी यावर तीन मागण्या लावून धरल्या आहेत. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एकच गुण द्यावा. नाहीतर बरोबरीत सुटलेल्या प्रत्येक डावानंतर लगेच अतिजलद डाव खेळवून निकाल लावावा. आणि लहान मुलांना असली ‘बरोबरीची ओपनिंग’, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, शिकवणे बंद करावे. दुसऱ्या बाजूचे उत्तर एका वाक्यात संपते: नियमात बसते, मग तक्रार कसली? माझ्या मते दोन्ही बाजूंचा युक्तिवाद एकाच जागी चुकतो. दोघेही सगळ्या बरोबऱ्या एकाच तागडीत तोलतात. बरोबरी हा बुद्धिबळाचा स्वाभाविक, न्याय्य आणि पुष्कळदा अत्यंत कष्टाने मिळवलेला निकाल आहे आणि त्याचा अर्धा गुण अर्धाच राहिला पाहिजे. थांबवायचा आहे तो न खेळलेला डाव. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि दुसऱ्यावरचा उपाय म्हणून पहिल्याचा बळी देणे हा खेळाचा घात आहे.

आधी तो डाव काय होता ते नीट पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी अनेकांनी चाली न पाहताच निवाडा दिला आहे. दोन्ही बाजूंनी राजापुढची प्यादी दोन घरे सरकवली, घोडे बाहेर काढले, पांढऱ्याने उंट काळ्याच्या घोड्यावर रोखला. इथवर झाली रुई लोपेझ नावाची ओपनिंग. काळ्याने दुसरा घोडा काढून बर्लिन बचाव स्वीकारला, पांढऱ्याने किल्लेकोट केला, काळ्याच्या घोड्याने मधले प्यादे मारले, पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि काळा घोडा मागे येऊन पांढऱ्या उंटावर चालून गेला. इथे पांढऱ्यापुढे दोन रस्ते असतात. एका रस्त्याने उंट आणि घोड्याची अदलाबदल होते, आठव्या चालीपर्यंत दोन्ही वजीर पटाबाहेर जातात आणि काळ्याचा राजा किल्लेकोटाचा हक्क गमावून पटाच्या मध्यावर उघडा पडतो. तिथून एक दीर्घ आणि अवघड लढत सुरू होते. दुसऱ्या रस्त्याने पांढरा आपला उंट मारू देतो, बाजूचे प्यादे पुढे काढून मोहरा परत मिळवतो, मध्यावर मोहऱ्यांची सफाई होते आणि मग पांढरा वजीर शह देतो, काळा वजीर आडवा येतो, पांढरा वजीर मागे सरतो, काळा वजीर पुन्हा समोर उभा राहतो. तीच स्थिती तीनदा आली की डाव बरोबरीत. हा दुसरा रस्ता जगभरच्या उस्तादांनी शेकडो वेळा तुडवलेला आहे. सोलापूरच्या त्या दोघांना तो पाठ होता. त्या १४ चालींत त्यांच्या स्वतःच्या विचाराची एकही चाल नव्हती.

म्हणून पालकांचा संताप मला समजतो, आणि तो रास्त आहे. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा इथून पहाटेची एसटी धरून मुलांना घेऊन येणाऱ्या माणसाने प्रवेश शुल्क भरलेले असते, दिवसाची मजुरी किंवा रजा खर्ची घातलेली असते. अर्ध्या गुणाने मागे असलेल्या खेळाडूने शेवटच्या फेरीत जीव ओतून डाव जिंकावा आणि वरच्या पटावरच्या आपसातल्या समझोत्यामुळे त्याला तिसऱ्यावर समाधान मानावे लागावे, हा अन्याय केवळ वाटण्यापुरता नाही. जागतिक बुद्धिबळाने तो मोठ्या प्रमाणावर भोगला आहे. १९६२ साली कुरासाव इथे झालेल्या, जगज्जेत्याचा प्रतिस्पर्धी ठरवणाऱ्या आव्हानवीरांच्या स्पर्धेत पेट्रोसियान, केरेस आणि गेलर हे तीन सोव्हिएत खेळाडू आपसांत १२ डाव खेळले आणि बाराही डाव बरोबरीत सुटले, बहुतेक थोडक्या चालींत. एकमेकांविरुद्ध दम राखायचा आणि बाकीच्यांवर तुटून पडायचे, असा तो व्यवहार असल्याचा आरोप तरुण बॉबी फिशरने जाहीरपणे केला, आणि जागतिक महासंघाला ती साखळी स्पर्धा मोडीत काढून आव्हानवीर निवडण्यासाठी बाद पद्धतीचे सामने आणावे लागले. म्हणजे संगनमताची शंका ही सोलापूरच्या पालकांच्या मनाचा खेळ आहे, असे कुणी म्हणू नये.

पण त्याच स्पर्धेत, त्याच फेरीत, बऱ्याच खालच्या पटावर आणखी एक डाव बरोबरीत सुटला, आणि त्याच्याविषयी या वादात कुणी अवाक्षर काढत नाही. ओपनिंग तीच, बर्लिन बचाव. काळ्या मोहऱ्यांकडे आठवीतली एक मुलगी, समोर तिच्याहून सुमारे तीनशे गुणांनी वरचे मानांकन असलेला अनुभवी खेळाडू. त्याने पहिला रस्ता निवडला, वजीर गेले, मुलीचा राजा मध्यावर अडकला. चाळिसाव्या चालीच्या सुमारास तिने एक प्यादे गमावले. मग एकेक मोहरा कमी होत शेवटी उरले एवढेच: पांढऱ्याकडे राजा, हत्ती आणि पुढे सरकणारे एक प्यादे, तिच्याकडे राजा आणि हत्ती. बघणाऱ्यांनी डाव संपला असे गृहीत धरले होते. तिने राजा प्याद्याच्या वाटेत आणून उभा केला आणि हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या ओळीवर आडवा धरून ठेवला, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे यायला दारच उरले नाही. पांढऱ्याने बराच वेळ हत्ती इकडून तिकडे फिरवून पाहिला. तिने ओळ सोडली नाही. अखेर त्याने प्यादे पुढे ढकलले, आणि त्याच क्षणी, घड्याळात मोजके सेकंद असताना, तिने हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला नेला आणि मागून शह द्यायला सुरुवात केली. प्यादे पुढे सरकल्यामुळे पांढऱ्या राजाला आता लपायला जागा नव्हती. ही युक्ती फ्रान्सच्या फिलिदोरने अठराव्या शतकात लिहून ठेवली आणि अडीचशे वर्षांनंतरही ती तशीच पक्की आहे. पण ती पुस्तकात वाचणे निराळे आणि थकलेल्या हातांनी, मोठ्या माणसासमोर, शेवटच्या मिनिटात खेळणे निराळे. पाऊणशेहून अधिक चालींनंतर डाव सुटला. तीन-एक गुणांची मागणी मान्य झाली, तर तिला आणि त्या दोघांना एकच शिक्षा होईल. याला सुधारणा म्हणायचे का?

कुस्तीची जाण असलेल्या या जिल्ह्याला हा भेद नव्याने समजावून सांगण्याची खरे तर गरज नसावी. जत्रेच्या फडात दोन तोडीस तोड मल्ल तासभर झुंजले आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली, तर गाव उभे राहून दोघांनाही दाद देते. तेच दोघे नुसते हात झटकत गोल फिरू लागले, तर ही नुरा कुस्ती आहे हे शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही कळते आणि तो तसे ओरडून सांगतो. निकालपत्रावर दोन्ही कुस्त्या ‘बरोबरीत’ अशाच लिहिल्या जातात. फडाला मात्र फरक ठाऊक असतो, आणि नुरा कुस्ती थांबवण्यासाठी झुंजीतली बरोबरी गुन्हा ठरवावी असे त्याने कधी म्हटलेले नाही.

आता ओपनिंगवरच्या रागाविषयी. ‘बर्लिन म्हणजे बरोबरी’ हे समीकरण २००० सालच्या लंडनच्या जगज्जेतेपदाच्या लढतीपासून रूढ झाले. कास्पारोव्ह त्या वेळी पंधरा वर्षे जगज्जेता होता आणि पांढऱ्या मोहऱ्यांनी त्याच्या आक्रमणाला उत्तर नाही अशी समजूत होती. आव्हानवीर क्रामनिकने त्याच्यासमोर हा अडगळीत पडलेला, एकोणिसाव्या शतकातला बचाव चार वेळा मांडला आणि चारही डाव बरोबरीत सोडवले. कास्पारोव्हला १५ डावांत एकही विजय मिळाला नाही. क्रामनिकने ती लढत साडेआठ विरुद्ध साडेसहा अशी जिंकली. ‘बर्लिनची भिंत’ हे नाव तेव्हाच पडले. पण या कथेतला अर्धाच भाग सांगितला जातो. क्रामनिकने ती लढत बरोबऱ्यांवर जिंकली नाही. पांढऱ्या मोहऱ्यांनी दुसरा आणि दहावा डाव जिंकून जिंकली, आणि काळ्या मोहऱ्यांनी हरायचे नाही ही खात्री त्या दोन विजयांचा पाया होती. शिवाय वजीर गेल्यानंतरची ती स्थिती निर्जीव असती, तर २०१४ साली सोची इथे कार्लसन-आनंद जगज्जेतेपद लढतीच्या अकराव्या डावात काय घडले असते? आनंदने काळ्या मोहऱ्यांनी हाच बर्लिन बचाव खेळला, डाव अत्यंत गुंतागुंतीचा झाला, आनंदने धाडस करून हत्तीचा बळी दिला, तो फसला, कार्लसनने डाव जिंकला आणि त्याबरोबर लढतही संपली. एकाच ओपनिंगने जगज्जेतेपद राखण्याचा निर्णायक डावही दिला आणि कंटाळवाण्या पुनरावृत्तीच्या डावांची रांगही दिली. दोष ओपनिंगचा असेल, तर हे दोन्ही कसे शक्य आहे? आठवीतल्या मुलीला बर्लिन शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला दोष देणारे हे विसरतात की वजिराविना खेळायची ती स्थिती मुलांना उंटजोडीची ताकद, प्याद्यांचे बहुमत, राजाची हालचाल आणि अंतिम खेळाचा संयम एकत्र शिकवते. पाठांतराचा दुसरा रस्ता शिकवून ‘बलाढ्य खेळाडूकडून अर्धा गुण कसा काढावा’ एवढेच सांगणारा प्रशिक्षक असेल, तर त्याच्याशी माझे भांडण आहे, पण ते भांडण बर्लिनशी नाही.

याहून खोल एक मुद्दा आहे आणि तो या चर्चेत कुणीच मांडलेला मला दिसला नाही. बरोबरी ही बुद्धिबळाच्या पटाला बाहेरून चिकटलेली उणीव आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात हल्ल्याचे धाडस तिच्यामुळेच शक्य होते. जुन्या शतरंजमध्ये प्रतिस्पर्ध्याचा राजा एकटा पडला की विजय मानत, आणि राजाला शह नसताना त्याची हालचाल पूर्ण कोंडली, म्हणजे आजच्या भाषेत स्टेलमेट झाले, तरी कोंडणाऱ्याचाच विजय मानत. इंग्लंडात तर एका काळी स्टेलमेट करणाराच हरला असे धरत. स्टेलमेट म्हणजे बरोबरी हा नियम सर्वत्र पक्का व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. आता कल्पना करा की कोंडी म्हणजे विजय हा जुना नियम आज परत आणला. एक जादा प्यादे असलेला राजा एकट्या राजाविरुद्ध जवळजवळ प्रत्येक वेळी जिंकेल, कारण समोरच्या राजाने कितीही शिताफीने वाट अडवली तरी शेवटी तो कोंडलाच जाणार. मग ओपनिंगमध्ये एक प्यादे देऊन हल्ला चढवणारा कोण उरेल? हल्ला फसला तरी अंतिम खेळात जीव वाचवण्याची आशा असते, म्हणून तर खेळाडू प्यादे आणि मोहरे उधळायला धजावतो. बरोबरीची ही रुंद पट्टी अरुंद केली, की खेळाडू एकेका प्याद्याला कवटाळून बसतील, गॅम्बिट नावाचा हा प्रकार पटावरून नाहीसा होईल आणि ज्या रोमांचासाठी ही सारी ओरड चालली आहे तोच संपेल.

तीन-एक-शून्य पद्धतीकडे वळू. तिच्या समर्थकांचा सर्वांत बळकट दाखला फुटबॉलचा आहे. इंग्लंडने १९८१ मध्ये विजयाला दोनऐवजी तीन गुण दिले, १९९४ च्या विश्वचषकापासून ती पद्धत जगभर रुळली. बुद्धिबळातही बिल्बाओ आणि लंडन इथल्या निमंत्रित स्पर्धांत ती वापरून पाहिली गेली. निवडक आठ-दहा ग्रँडमास्टर, सगळ्यांवर कॅमेऱ्यांची नजर, मानधन आधीच ठरलेले, अशा ठिकाणी तिने खेळ थोडा जिवंत केला असेल हे मी मान्य करतो. पण रोख बक्षिसांच्या खुल्या स्पर्धेत तिचा हिशेब उलटा लागतो. आजच्या पद्धतीत दोघांनी मिळून डाव बरोबरीत सोडवला किंवा एकाने हरून दिला, तरी दोघांच्या गुणांची बेरीज एकच राहते. तीन-एक पद्धतीत बरोबरीची बेरीज दोन आणि हारजितीची तीन होते. म्हणजे शेवटच्या फेरीत दोन मित्र समोरासमोर आले, तर सर्वांत फायद्याचा सौदा कोणता? एकाने ठरवून हरायचे, दुसऱ्याने पहिले बक्षीस घ्यायचे आणि बाहेर जाऊन पैसे वाटून घ्यायचे. आजचा बनाव निदान निकालपत्रावर बरोबरी म्हणून दिसतो, कुणी बोट ठेवू शकतो. उद्याचा बनाव विजयाच्या वेषात येईल आणि त्याला टाळ्या पडतील. गुणांच्या हिशेबाने खेळाडूची वृत्ती आपोआप सुधारते असे मानणाऱ्यांनी रणजी सामन्यांत पहिल्या डावातल्या आघाडीसाठी दोन-दोन दिवस चालणारी संथ फलंदाजी आठवावी. तिथे अनिर्णित सामन्यात आघाडी घेणाऱ्याला जास्त गुण आहेत, आणि म्हणूनच अनेक संघ विजयापेक्षा आघाडीच्या मागे लागतात.

बरोबरीची किंमत कमी केली की बरोबऱ्या कमी होतात, या गृहीतकाची परीक्षा इतिहासाने निदान तीनदा घेतली आहे, आणि तीही एकाऐवजी शून्य किंमत लावून. १९२७ साली ब्यूनस आयर्समध्ये कापाब्लांका आणि अलेखाइन यांच्यातली जगज्जेतेपदाची लढत सहा विजयांपर्यंत खेळायची होती आणि बरोबरी मोजायची नव्हती. ३४ डाव झाले, त्यांतले २५ बरोबरीत. १९७८ मध्ये बाग्विओला कार्पोव्ह आणि कोर्चनॉय यांच्यात हाच नियम होता. ३२ डावांत २१ बरोबऱ्या. आणि १९८४ मध्ये मॉस्कोत कार्पोव्ह-कास्पारोव्ह लढतीने तर या कल्पनेचा कडेलोट केला. कार्पोव्ह नऊ डावांत चार विजयांनी पुढे गेला, त्यानंतर सलग १७ डाव बरोबरीत सुटले, पाच महिने लोटले, ४८ डाव झाले, त्यांत ४० बरोबरीत, आणि १९८५ च्या फेब्रुवारीत महासंघाच्या अध्यक्षांनी लढत निकालाविना थांबवली. असे का झाले? कारण जिथे बरोबरीला मोल नसते तिथे पराभवाचे मोल मात्र दुप्पट होते, आणि एक चूक म्हणजे सहातला एक घास गेला या भीतीने दोघेही पटावर पाय न उचलता चालतात. त्याच वर्षी अर्ध्या गुणासह ठरावीक २४ डावांची पद्धत परत आणली गेली आणि लढत शेवटच्या डावात रंगतदार निकालापर्यंत गेली.

बरोबरीनंतर लगेच अतिजलद डाव खेळवण्याची सूचना मी एवढ्यासाठी थोडक्यात हातावेगळी करतो की ती करणाऱ्यांचा हेतू प्रामाणिक आहे, पण ते वेगळ्याच खेळाची स्पर्धा मागत आहेत. नॉर्वेतल्या प्रसिद्ध स्पर्धेत २०१९ पासून हा प्रकार चालतो, काळ्याला कमी वेळ पण बरोबरीत विजय, आणि प्रेक्षकांना तो आवडतोही. चार तास विचार करून मिळवलेली समानता मग काही मिनिटांच्या हातचलाखीने मोडायची. पडद्यावर पाहायला ते छान आहे. आठवीतल्या मुलीची झुंज त्यासाठी कवडीमोल करायला मी तयार नाही.

विरोधी बाजूचा सर्वांत गंभीर मुद्दा मात्र टाळण्यासारखा नाही. कापाब्लांकाने शंभर वर्षांपूर्वीच इशारा दिला होता की बुद्धिबळ बरोबरीत गुदमरून मरेल, आणि त्याने मोठ्या पटाची सूचनाही केली होती. आज संगणकाने तो इशारा पुष्कळ अंशी खरा करून दाखवला आहे. पत्राने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळात, जिथे संगणकाची मदत घेण्यास मुभा आहे, वरच्या पातळीवरचे बहुसंख्य डाव बरोबरीतच सुटतात. संगणकांच्या आपसातल्या स्पर्धांत तर मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या ओपनिंग लादाव्या लागतात. २०१८ साली लंडनमध्ये कार्लसन आणि कारुआना यांचे बाराही नियमित डाव बरोबरीत सुटले. जगज्जेतेपदाच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. बाराव्या डावात तर कार्लसनने बरी स्थिती असताना ३१ व्या चालीला बरोबरी देऊ केली, कारण जलद डावांत आपण वरचढ आहोत हे त्याला ठाऊक होते. हे सगळे मी मान्य करतो. पण हा शिखरावरचा आजार आहे आणि आपण पायथ्याशी उभे आहोत. सोलापूरच्या कुठल्याही खुल्या स्पर्धेचा निकालतक्ता काढून पाहा. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत बरोबरी शोधून काढावी लागते, कारण मुले अजून अंतिम खेळात हत्ती फुकट घालवतात. त्यांच्या आजारावर कार्लसनचे औषध द्यायचे का?

आणि शिखरावरही माणूस माणूसच असतो. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या लढतीत चौथ्यापासून दहाव्या डावापर्यंत सलग सात बरोबऱ्या झाल्या, तेव्हा ‘हे काय जगज्जेतेपद’ अशी टीका आपल्याकडेही झाली. एकूण १४ डावांत नऊ बरोबरीत सुटले. शेवटचा डावही त्याच वाटेने चालला होता. गुकेशकडे एक प्यादे जास्त, पण स्थिती बरोबरीची. तो खेळत राहिला. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती चुकीच्या घरात नेला, हत्ती आणि उंटांची अदलाबदल अटळ झाली, उरलेला राजा-प्याद्यांचा खेळ हरलेला होता, आणि १८ वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हंपीविरुद्धच्या महिला विश्वचषक अंतिम फेरीत दोन्ही नियमित डाव बरोबरीत सोडवले, मग जलद डावांत विजय मिळवला. त्या दोन बरोबऱ्या नसत्या तर तो विजय कुठून आला असता? बरोबरीची स्थिती समोर असतानाही खेळत राहणे, हाच या दोन्ही लढतींतून घ्यायचा धडा आहे, आणि माझी मागणीही तेवढीच आहे: डाव खेळा.

‘नियमात बसते’ म्हणणाऱ्यांना याच ठिकाणी उत्तर द्यायला हवे. बुद्धिबळाच्या नियमांत खेळाची अप्रतिष्ठा होईल असे वर्तन करू नये असाही नियम आहे. २०२३ च्या डिसेंबरात समरकंद इथल्या जागतिक अतिजलद स्पर्धेत नेपोम्निआच्ची आणि दुबोव्ह यांनी घोडे इकडून तिकडे नाचवत काही चालींत बरोबरी केली, तेव्हा पंचांनी दोघांनाही शून्य गुण दिले. मात्र इथे एक अडचण आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. घोडे नाचवणे हा उघड बनाव होता; बर्लिनमधली ती पुनरावृत्ती ही अभ्यासलेली, निर्दोष चालींची मालिका आहे. संगनमत नसतानाही दोन खेळाडू स्वतंत्रपणे तिथे पोहोचू शकतात, आणि केवळ चाली पाहून हेतू सिद्ध करता येत नाही. १९६३ च्या सुमारास महासंघाने ३० चालींपूर्वी आपसांत बरोबरी करण्यावर बंदी घातली होती. खेळाडूंनी तीच स्थिती तीनदा आणून ती बंदी सहज चुकवली आणि लवकरच ती मागे घ्यावी लागली. केवळ बंदीने काम भागेल असे मी म्हणणार नाही.

भागेल ते बनावाची गरजच कमी केल्याने. आयोजकांना आजच्या नियमांच्या चौकटीत हे करता येते. पंचाच्या संमतीवाचून ठरावीक चालींपूर्वी बरोबरीचा प्रस्ताव देता येणार नाही, अशी अट स्पर्धेच्या माहितीपत्रकात घालण्याची मुभा महासंघाचे नियम देतात. पुनरावृत्तीची पळवाट उरते, पण तिच्यासाठी दोघांनाही ती मालिका पाठ असावी लागते आणि दोघांनीही ती निवडावी लागते. दुसरे म्हणजे गुण सारखे झाल्यावर बुखोल्झऐवजी, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांच्या बेरजेऐवजी, आधी विजयांची संख्या मोजावी. २०१३ साली लंडनच्या आव्हानवीर स्पर्धेत कार्लसन आणि क्रामनिक यांचे गुण सारखे होते, शेवटच्या फेरीत दोघेही हरले होते, आणि कार्लसनचे पाच विजय विरुद्ध क्रामनिकचे चार एवढ्या फरकावर कार्लसन आनंदचा आव्हानवीर ठरला. अर्ध्या गुणाला हात न लावता जिंकण्याची ओढ वाढवण्याचा हा मार्ग आहे. तिसरे, पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसात आज जे किरकोळ अंतर असते ते वाढवावे. दोघांनी मिळून जवळजवळ सारखेच पैसे न्यायचे असतील, तर झुंजायचे कशासाठी?

मुलांच्या गटांत मात्र मी आणखी कडक होईन. १५ वर्षांखालच्या गटात आपसांतली बरोबरी पूर्ण बंद करावी. डाव पटावर संपेपर्यंत, मग तो मात होऊन, कोंडीत किंवा एकट्या राजांनिशी संपो, खेळायचा. त्याच वेळी पालकांनी हेही ध्यानात घ्यावे की तीनशे गुणांनी वरच्या खेळाडूशी केलेली बरोबरी वाढत्या वयाच्या खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय मानांकनात सुमारे १४ गुणांची भर घालते. अर्ध्या गुणाला तिथे जगभर मान आहे आणि घरी आल्यावर ‘जिंकली का नाहीस’ हा प्रश्न त्या मुलीला विचारण्याचे कारण नाही. अशाने फेऱ्या लांबतील आणि सभागृह वेळेत रिकामे करता येणार नाही, हा आयोजकांचा आक्षेप मला माहीत आहे. तो खराही आहे, कारण भाडे वाचवण्यासाठी एका दिवसात चार-पाच फेऱ्या कोंबल्या जातात, शेवटच्या फेरीला सगळे थकलेले असतात आणि झटपट बरोबरीचे निम्मे कारण तिथेच असते. दिवसाला दोन किंवा फार तर तीन फेऱ्या ठेवाव्यात, दोन फेऱ्यांमध्ये मुलांना जेवायला आणि पाठ टेकायला तासभर मिळेल असे वेळापत्रक आखावे, आणि स्पर्धा एका दिवसाऐवजी शनिवार-रविवार अशी दोन दिवस चालवावी. वाढीव भाड्यासाठी प्रवेश शुल्क थोडे वाढले, तर ते देण्याची तयारी पालकांनी पुढच्या स्पर्धेपूर्वीच आयोजकांना कळवावी.